बुद्धिबळात पांढरी घेऊन १२ चालींत हरलो, चूक नेमकी कुठं झाली? (मदत हवी)

मंडळी, रविवारी लातूरच्या खुल्या स्पर्धेत नांदेडच्या एका पोराकडून मार खाल्ला. पोरगं एवढंसं, खुर्चीवर बसलं की पाय जमिनीला टेकेनात. उदगीरहून पहाटेची एसटी धरून गेलो होतो ते काय ह्यासाठी!

(अक्षर-आकडा म्हणजे पटावरचं घर, x म्हणजे मारलं; आधी माझी चाल, मग त्याची.) १. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, घोडा एफ६ ४. घोडा जी५. आता तो डी५ करणार, पुढचं मला पाठ. पण एफ७ कडं न बघता त्यानं उंट सी५ ला ठेवला. म्हटलं, चुकलं पोरगं. घोड्यानं एफ७ मारलं, वजीर आणि हत्ती एकदम माऱ्यात! मग:

५... उंट x एफ२ शह ६. राजा x एफ२, घोडा x ई४ शह ७. राजा जी१, वजीर एच४ ८. वजीर एफ१, हत्ती एफ८ ९. डी३, घोडा डी६ १०. घोडा x डी६ शह, सी x डी६ ११. वजीर ई२, घोडा डी४ १२. वजीर डी२, वजीर जी४.

इथं वीस मिनिटं बसून राहिलो. एफ३ वर घोड्याचा शह येतोय आणि जी२ च्या प्याद्यानं तो घोडा मारता येत नाही, समोर त्याचा वजीर, मागं माझा राजा. वजीर ई३ ला न्यावा तर डी१ वर शह, पुढच्या चालीला मात. हात मिळवला. पोरगं लगेच उसाचा रस प्यायला पळालं.

सातवी चाल चुकली, आठवी, की घोड्यानं मारणंच चूक? मोबाइलवरचं इंजिन नुसते आकडे दाखवतं, कारण सांगत नाही.

प्रतिसाद १:
दादा, चौथ्या चालीला उंट सी५ ला ठेवून एफ७ सोडून देतात, त्या डावाला ट्रॅक्सलर म्हणतात. कारेल ट्रॅक्सलर हा बोहेमियातला (आताच्या चेक प्रजासत्ताकातला) पाद्री. १८९० साली त्यानं ह्याच उंटाच्या चालीनं डाव जिंकला, १७ व्या चालीला प्याद्यानं मात! तुमची आठवी चाल नडली, तिथं जी३ च हवं होतं. मग तो घोड्यानं जी३ मारतो आणि पुढं सगळं पाठ असेल तरच टिकाव लागतो. त्यापेक्षा पाचव्या चालीला एफ७ उंटानं मारा. शह आहे, आणि जी५ चा घोडा पाठीशी असल्यानं राजाला उंट मारता येत नाही. राजा ई७ ला आला की त्याचं कॅसलिंग (राजा-हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कोपऱ्याकडं सुरक्षित नेणं) गेलं. उंट बी३ ला परत घ्या, एक प्यादं वर राहता. हत्तीचा मोह तेवढा आवरा.

मूळ लेखक:
मोह... बरोबर पकडलंत. पण उंट बी३ नंतर त्यानं हत्ती एफ८ ला आणला तर एफ२ चं काय? लगेच कॅसलिंग करून घ्यायचं का? पुढच्या महिन्यात परभणीला तेच पोरगं येणार म्हणे.