'द ब्लॉब'मधला गोळा इमारतीवर चढतो कसा?

प्रश्न:
लघुपटासाठी १९५८ च्या 'द ब्लॉब'सारखा राक्षस हवाय: हातपाय नाहीत, तोंड नाही, गावातली खानावळ गिळणारा लाल गोळा. संगणकावर करायचा नाही. मक्याच्या पिठाचा केला तर दुधी, निर्जीव दिसतो आणि ओघळून खाली येतो. मूळ चित्रपटात तो वर कसा चढवला?

प्रतिसाद १:
चढवलाच नव्हता, घसरवला होता! पेनसिल्व्हेनियातल्या खानावळीचा फोटो हलत्या टेबलावर लावला, कॅमेराही त्याच टेबलाला जखडला. टेबल हलवल्यावर सिलिकॉनचा गोळा फोटोवरून घरंगळला. तेच चित्रण उलटं छापलं. कॅमेरा टेबलासोबत कलतो, म्हणून इमारत सरळच दिसते. तुम्हीही कॅमेरा तिपाईवर न ठेवता फळीलाच बोल्टने आवळा.

एक अडचण हमखास येते. घसरणारा गोळा मागे ओल सोडतो, त्यामुळे उलट चालवल्यावर तो पोचण्याआधीच भिंत ओली दिसते. फोटो लॅमिनेट करून त्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. चौकटीत धूर किंवा हलती पानंही नकोत.

प्रतिसाद २:
पिठाऐवजी मिथाइल सेल्युलोज (पाणी घट्ट करणारी पूड) वापरा. जास्त चिकटपणाची पूड घ्या, १० लिटरला २५० ते ३०० ग्रॅम. आधी ३ लिटर पाणी ८५ अंशांपर्यंत तापवा आणि घुसळत घुसळत पूड भुरभुरा. ती गरम पाण्यात विरघळत नाही, नुसती पसरते, तेच हवंय. मग बर्फाचं ७ लिटर पाणी ओता, की घट्ट होऊ लागेल. थेट गार पाण्यात टाकलीत तर कणांवर लगेच चिकट थर धरतो, आत कोरडी पूड अडकते आणि गुठळ्या होतात. रात्रभर झाकून ठेवा, बुडबुडे निघून जातील. हे टाळू नका, कारण एक मोठा बुडबुडा दिसला तरी राक्षस वाटीएवढा वाटतो. खायचा लाल रंग बेतानेच घाला आणि दिवा मागून लावा. उजेड आरपार गेला तरच मांसल दिसतं. दोन-तीन दिवसांत वापरून टाका, नंतर खराब होतं.

प्रतिसाद ३:
छोट्या प्रतिकृती मोठ्या, जड वाटाव्यात म्हणून चित्रण जास्त वेगाने करून सावकाश दाखवायचं. सेकंदाला किती फ्रेम्स, त्याचं गणित: माप १:क्ष असेल तर क्षचं वर्गमूळ गुणिले नेहमीच्या २४ फ्रेम्स. खेळण्यातल्या १:२४ गाड्या ठेवल्यात तर साधारण ११८, म्हणजे मोबाइलच्या १२० फ्रेम्स नेमक्या बसतात. पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी १२० वर लुकलुकतात. उन्हात किंवा बॅटरीवरच्या दिव्यांत चित्रण करा.

प्रतिसाद ४:
पटकथेतही एक जागा सांभाळा. मूळ चित्रपटात गोळा दुकानातल्या शीतगृहाच्या दारातून माघार घेतो, तेव्हा त्याचं कारण कोणी बोलत नाही. पुढे खानावळीत आगीवर कार्बन डायऑक्साइड मारल्यावर तो आक्रसतो, तेव्हा नायक स्टीव्हला उलगडा होतो. थंडीची खूण आधी पेरलेली असल्यामुळेच शेवट पटतो. तुमच्याकडे दहाच मिनिटं असतील, तर ती खूण तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला येऊ द्या.