मदत हवी आहे: ११ वर्षांच्या भाचीला सिलिअ‍ॅकची शंका, बेळगाव परिसरात नीट ऐकून घेणारे डॉक्टर कोण?

मंडळी नमस्कार,

खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या भाचीसाठी मुलांचा पोटविकारतज्ज्ञ हवा आहे. सिलिअ‍ॅकचे (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं, तो आजार) पेशंट नेहमी बघणारा आणि आईबापाचं जरा ऐकून घेणारा. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, गोवा, कुठलाही चालेल. पुणे किंवा बेंगळूर एखाद्या वेळी जमेल, दर तपासणीला नाही.

पोरीचं पोट पहिल्यापासून नाजूक. जेवली की पोट डब्ब, शी पातळ, वर्गाच्या रांगेत कायम पहिली उभी, कारण सगळ्यांत बुटकी. हिमोग्लोबिन आठाच्या आसपास. लोहाचं औषध महिनोन्महिने चालू आहे, आकडा काही हलत नाही. जंताच्या गोळ्या झाल्या, टॉनिकं झाली. एका दवाखान्यात 'जेवायचे नखरे आहेत, मोबाईल काढून घ्या' हेही ऐकून झालं. शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी टीटीजी-आयजीए ही सिलिअ‍ॅकसाठीची रक्ततपासणी सांगितली. रिपोर्टवर नॉर्मलची मर्यादा २०, आणि हिच्या नावापुढे '२००पेक्षा जास्त' एवढंच. मशिनची मोजायची हद्दच तिथे संपली म्हणे.

त्यांनी 'गहू बंद करा' म्हणून सांगितलं आणि आहाराचा एक छापील इंग्रजी कागद हातात ठेवला. त्यात किन्वा होता, ज्वारी नव्हती!

आता खरी अडचण. पुण्यातला माझा एक डॉक्टर मित्र म्हणाला, निदान पक्कं होईपर्यंत गहू अजिबात थांबवू नका. गहू थांबला की रक्तातल्या अँटीबॉडीज उतरायला लागतात, आतड्याचं अस्तर भरून येतं आणि मग दुर्बिणीतून तुकडा काढला तरी त्यात काही दिसत नाही. मग नक्की करायचं तर काही आठवडे पुन्हा गहू खाऊ घालायचा. आणि पथ्य जन्मभराचं, म्हणजे अंदाजपंचे सुरू करण्यात अर्थ नाही. पटलं. पण डबा ताईला भरावा लागतो. परवा मला म्हणाली, "ईख हाय म्हणून सांगूलास आणि घाल म्हणून बी सांगूलास." (ईख म्हणजे विष.) म्हणून घाई आहे.

अजून एक. दाजींना कन्नड चांगलं येतं, ताईला बाजारापुरतं. डॉक्टर इंग्रजी-कन्नडमध्ये भराभर सांगतात, दाजी मान हलवतात आणि स्वयंपाक करणारीपर्यंत निम्मंच पोचतं. डॉक्टर कन्नड भाषक असले तरी काहीच हरकत नाही, ताईशी बोलले म्हणजे झालं. (सीमाप्रश्न इथे नको, त्याला वेगळे धागे आहेत.)

डॉक्टरांची नावं आणि नंबर कृपया व्यनिने (खासगी निरोपाने) कळवा, इथे उघड नको. आणि महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, तिचा अशा तपासणीसाठी कोणाला प्रत्यक्ष उपयोग झाला आहे का?

प्रतिसाद, निपाणीहून

व्यनि केला आहे. आमच्या मुलाला हेच आहे, आम्हाला कोल्हापूर जवळ पडतं. तुम्हाला बेळगावपासून पुढे हायवेनं शंभरेक किलोमीटर, एका दिवसात जाऊन येता येईल.

मित्रानं बरोबर सांगितलंय. पण टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल, तर लहान मुलांत दुर्बिणीशिवायही निदान करता येतं. त्यासाठी पुन्हा वेगळं रक्त काढून ईएमए नावाची तपासणी करतात, तीही पॉझिटिव्ह यावी लागते. तुमचा आकडा त्यातच बसतोय, तेव्हा पहिल्याच भेटीत हे विचारा. हा रस्ता पोटविकारतज्ज्ञांनीच ठरवायचा, आपण नाही. दुर्बीण करायचीच ठरली तर किती तुकडे घेणार तेही विचारा. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-पाच तरी घ्यायला हवेत, कारण आजार सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एकच तुकडा घेऊन 'काही नाही' म्हणून परत पाठवलेली माणसं मी पाहिली आहेत.

चांगला डॉक्टर कसा ओळखायचा? आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा उंची-वजन तक्त्यावर मांडून दाखवलं, मग घरात आणखी कुणाला त्रास आहे का ते विचारलं, आणि सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा करायची हे त्याच दिवशी लिहून दिलं. पथ्य पाळलं तर आकडा हळूहळू उतरतो, कधी वर्षापेक्षाही जास्त लागतं. नुसती यादी देऊन 'या आता' म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

प्रतिसाद

गव्हाची अ‍ॅलर्जी ही सगळी आत्ताची फॅडं आहेत. आमच्या वेळी पोरं सगळं खायची. ओवा आणि ताक द्या.

प्रतिसाद, वडगाव, बेळगाव

वरच्या साहेबांना एवढंच, की ही अ‍ॅलर्जी नव्हे. शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. ओवा खाऊन माझी आठ वर्षं गेली, आता पथ्यावर ठीक आहे.

मूळ लेखिकेसाठी: डॉक्टर ठरेपर्यंत स्वयंपाकघराची तयारी करून ठेवा. आपल्याकडं भात आणि ज्वारीची भाकरी हायेच, त्यामुळं उत्तरेकडल्या लोकांपेक्षा आपलं सोपं. खरं गिरणीत घोळ होतो. गव्हाच्या मागून तुमची ज्वारी पडली की जात्यात राहिलेलं पीठ त्यात आलंच. 'सकाळी पहिलं माझं दळा' म्हणून भागत नाही, आदल्या रात्रीचं गव्हाचं पीठ आत असतंयच. मी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घातला नाही. घरघंटी नसेल तर फक्त तांदूळ-ज्वारी दळणारा गिरणीवाला शोधा.

दुसरं म्हणजे हिंग. डबीतल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, मागची बारीक अक्षरं वाचा. सोया सॉसमध्येही गहू असतो. सातू चालत नाहीत, रवा नाही, शेवया नाहीत, शाळेतलं उप्पीट नाही, मांडे तर नाहीतच. कुंदा दुधाचा, पण तोही दुकानात विचारून घ्या. गणपतीत तांदळाचे उकडीचे मोदक बिनधास्त खाऊ दे, तळणीचे कडबू नकोत. आणि ज्या तेलात ते तळले त्याच तेलातले पापडही नकोत.

पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' असेल तर आपल्याकडच्या नियमानं किलोला २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असायला हवं. खरं ती बिस्किटं महाग असतात. राजगिऱ्याचा लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की डब्याला बरी.

सासूबाईंना मात्र डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. 'एका घासानं काय होतंय' हे आमच्याकडं दोन वर्षं चाललं.

मूळ लेखिका

सगळ्यांचे आभार. व्यनि मिळाले, कोल्हापूरला फोन केला, पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली आहे. तोवर डब्यात चपाती चालूच ठेवतोय, आणि ईएमएचं कागदावर लिहून घेतलंय. सासूबाईंनाही गाडीत बसवून नेणार.

योजनेबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, माहिती असल्यास जरूर सांगा. आणि ताईच्या धाकट्या मुलाला, वय सहा, सध्या काहीच त्रास नाही. त्याचीही टीटीजी करायची असेल तर ती घरातला गहू बंद व्हायच्या आधीच करून घ्यावी ना? म्हणजे एकाच फेरीत दोघांचं रक्त देता येईल.