माजी सैनिक आमदार झाले. निवेदनात नेमकं काय मागावं?

सह्यकडा
आमच्या मतदारसंघातून एक माजी सैनिक विधानसभेवर निवडून आले आहेत. तालुका संघटनेच्या निवेदनात सध्या पाच मागण्या आहेत: वन रँक वन पेन्शनमधली (समान हुद्दा, समान सेवा, समान निवृत्तिवेतन) तफावत, अपंगत्व निवृत्तिवेतनाची रखडलेली प्रकरणं, ग्रामपंचायती घरपट्टी माफ करत नाहीत ही अडचण, जिल्हा परिषद भरतीत माजी सैनिकांच्या जागांवर माजी सैनिकच न लागणं, आणि संघटनेसाठी सभागृह (हॉल) बांधून मिळणं. यातलं आमदारांच्या हातात किती? आणि "लक्ष घालावे" यापलीकडे त्यांना काय लिहून द्यावं?

टिपणी
पहिल्या दोन मागण्या या निवेदनातून काढा आणि खासदारांकडे न्या. संरक्षण आणि केंद्राची निवृत्तिवेतनं हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीतले विषय आहेत. वन रँक वन पेन्शन 1 जुलै 2014 पासून लागू झाली, पहिली फेरनिश्चिती 1 जुलै 2019 पासून झाली, आणि दोन्ही आदेश संरक्षण मंत्रालयाचे. विधानसभा फार तर केंद्राला शिफारस करणारा ठराव करू शकते. त्याने कुणाच्या खात्यात रक्कम वाढत नाही.

अपंगत्व निवृत्तिवेतनाचा रस्ता वेगळाच आहे: सैन्याचं अभिलेख कार्यालय (सेवेच्या नोंदी ठेवणारं), मग अपील, आणि तिथेही नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने ते स्थापन झालं आणि त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. आमदारांचं पत्र तिथे पुरावा ठरत नाही. वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि सेवेत भरती होतानाची वैद्यकीय नोंद ठरते.

मात्र यात राज्याचा एक धागा आहे आणि तो सोडू नका. ही कागदपत्रं जुळवायला मदत करणारं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय राज्याचं आहे. त्यावर पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि त्यावर मंत्रालयातला सामान्य प्रशासन विभाग. त्या कार्यालयात मंजूर पदं किती, भरलेली किती, कल्याण संघटक तालुक्याला किती वेळा येतात, हे विचारायचा पुरेपूर अधिकार आमदारांना आहे.

जुनी नस्ती
घरपट्टीवर सगळ्यात जास्त जोर लावा, कारण इथे धोरण आधीच आहे आणि अडलंय ते अंमलात. पूर्वी ही सवलत शौर्यपदकधारक आणि सैनिकांच्या विधवांपुरती होती. 2020 मध्ये ती माजी सैनिकांपर्यंत आणली. ग्रामपंचायतीला स्वतःचं उत्पन्न बुडताना दिसतं, म्हणून अर्ज पडून राहतो. शिवाय ग्रामपंचायत ग्रामविकास विभागाखाली आणि नगरपालिका नगरविकासाखाली. दोन्हींबद्दल एकाच प्रश्नात विचारलं की उत्तर अर्धवट येतं. दोन वेगळे प्रश्न करा.

तारांकित प्रश्नाचा (ज्याला मंत्री विधानसभेत तोंडी उत्तर देतात) साचा ठरलेला आहे, त्याच साच्यात लिहून द्या. आमदारांच्या स्वीय सहायकाचं निम्मं काम वाचतं:

(१) अमुक तालुक्यातील अमुक ग्रामपंचायतींकडे जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र जोडलेले मालमत्ता करमाफीचे अर्ज प्रलंबित आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्यांची संख्या किती व प्रलंबित राहण्याची कारणे काय आहेत, (३) त्याअनुषंगाने शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

सगळा खेळ पहिल्या भागात आहे. त्यात एक गाव चुकलं किंवा अर्जांचा आकडा ऐकीव असला की "हे खरे नाही" असं छापून येतं आणि पुढच्या तिन्ही भागांना "प्रश्न उद्भवत नाही". एका चुकीने अख्खं अधिवेशन वाया जातं. म्हणून आधी प्रत्येक ग्रामपंचायतीकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. अर्जांच्या पोचपावत्यांच्या प्रती क्रमांक घालून एका फाईलला लावा. पोच नसलेला अर्ज मोजायचाच नाही.

सह्यकडा
हे फार उपयोगी आहे. भरतीचं काय? सभासदांचा आग्रह आहे की आमदारांनी थेट अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं) आणावं.

रानवाट
विधेयकाची घाई करू नका. गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहेच. ते वाढवायला नवा कायदा आणून दुखणं बरं होणार नाही. समांतर आरक्षण प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत मोजतात. त्या प्रवर्गात पात्र माजी सैनिक मिळाला नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराला जाते. म्हणजे जागा रिकामी दिसत नाही, पण माजी सैनिकही लागत नाही. मागणीत "रिक्त जागा" हा शब्द असेल तर तो बदला, नाहीतर "कोणतीही जागा रिक्त नाही" हे खरंखुरं उत्तर तुमच्या हातात येईल.

विचारायचं ते हे: मागच्या भरतीत संवर्गनिहाय माजी सैनिकांसाठी किती पदं दाखवली, किती अर्ज आले, किती पात्र ठरले, किती कागदपत्र पडताळणीत बाद झाले आणि कोणत्या कारणाने. बाद होण्याचं एक कारण व्याख्येतच असतं: निवृत्तिवेतनाला पात्र होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून सेवा सोडलेली व्यक्ती या आरक्षणासाठी माजी सैनिक धरली जात नाही. हे संघटनेनेच उमेदवारांना अर्जाआधी सांगायला हवं.

आकडे हाती आले की विधानसभेच्या नियम 105 खाली लक्षवेधी सूचना. त्यात मंत्री सभागृहात निवेदन करतात आणि सदस्याला उपप्रश्न विचारता येतात. विधेयकाची अडचण अशी की राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 207(3) प्रमाणे राज्यपालांच्या शिफारशीशिवाय ते संमत होऊ शकत नाही.

टिपणी
रानवाट यांना एक जोड. मंत्री "तपासून निर्णय घेऊ" म्हणाले की ते वाक्य कार्यवाहीच्या वृत्तातून जसंच्या तसं उतरवून घ्या, तारखेसह. सभागृहातल्या आश्वासनांचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. नव्या आमदारांचं इथे हमखास चुकतं: सैन्यात आदेश दिला की पूर्तीचा अहवाल येतो, इथे कुणीतरी मागत राहावं लागतं. मंत्रालयात नस्ती (फाईल) हाताळणारा कार्यासन अधिकारी आमदारांच्या हाताखाली नसतो, त्याचं उत्तरदायित्व विभागाच्या सचिवांकडे असतं. फोनवर खडसावून नस्ती हलत नाही. सभागृहातल्या आश्वासनाचा हवाला देऊन लिहिलेल्या पत्राने हलते. तो हवाला संघटनेने पुरवला तर आमदारांचं निम्मं ओझं उतरतं.

जुनी नस्ती
पाचव्या मागणीतल्या सभागृहाचं, म्हणजे हॉलचं, राहिलं. स्थानिक विकास निधी आता प्रत्येक आमदाराला वर्षाला 5 कोटी असतो, पण तो त्यांच्या खात्यात येत नाही; ते फक्त काम सुचवतात. शिफारसपत्र जिल्हा नियोजन कार्यालयाकडे जातं, बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद अंदाजपत्रक करते, जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात, मग निविदा. अडतं ते जागेवर. संघटनेच्या किंवा खासगी नावावरच्या जागेसाठी हट्ट धरू नका. ग्रामपंचायतीची जागा शोधा, बांधकामाला ना हरकत देणारा तिचा ठराव घ्या, आणि देखभाल व वीजबिल कोण भरणार हे त्या ठरावातच लिहून घ्या. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेचा चालू उतारा पहिल्याच पत्राला जोडा.

सह्यकडा
म्हणजे निवेदन एकच नको. घरपट्टीचे दोन प्रश्न, भरतीची लक्षवेधी, सैनिक कल्याण कार्यालयातल्या पदांचा एक प्रश्न आणि हॉलचा स्वतंत्र प्रस्ताव, असे पाच वेगळे कागद करतो. माहिती अधिकाराचे अर्ज या आठवड्यात टाकतो.

रानवाट
बरोबर. फक्त तारीख बघा. तारांकित प्रश्नांची सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या बरीच आधी द्यावी लागते. हिवाळी अधिवेशन नागपूरला डिसेंबरमध्ये असतं. त्यासाठीचा मजकूर आमदारांच्या कार्यालयात दसऱ्यापर्यंत पोचलेला बरा.