शब्दचर्चा : 'खडी गंमत' मधली गंमत कोणती?

बदलीवाला मास्तर : पुण्याहून भंडारा जिल्ह्यात बदली झाली. भाऊबिजेनंतर गावात बोर्ड लागला, 'मंडईनिमित्त दिवसा खडी गंमत, रात्री नाटक'. मंडई वाचून मी भाजीची पिशवी घेऊन निघालो, ते सोडा. पण गमतीला खडी कशी?

लाखनीकर : गुर्जी, पिशवीचं लय हसू आलं जी. आमची मंडई म्हणजे मेळा. दिवाळी झाली की गावोगावी भरते, पाहुण्यांनी घरं भरतात. खडी म्हणजे उभी. पडदा नाही, स्टेज नाही. डफवाला शाहीर उभा, तुणतुण्यावाला उभा, लुगडं नेसलेला नाच्या उभा, अन् भोवती लोकं.

'गंमत' म्हणजे मात्र मजा नव्हे, तो खेळच. "औंदा गंमत कोणाची?" म्हणजे कोण्या शाहिराची पार्टी आणली. माझा आजा जायचा तो सवाल-जवाबासाठी. शाहिरांचे दोन पक्ष, कलगी अन् तुरा. कलगीवाला शक्तीला मोठं म्हणणार, तुरेवाला शिवाला. माया आधी का ब्रह्म आधी, यावर दोघं अख्खी दुपार भांडायचे. समोर धोतरातली म्हातारी माणसं तंबाखू मळत बसलेली. जवाब चुकला की मळणारा अंगठा थांबायचा. एवढा जड वाद अन् नाव काय, तर गंमत!

वडसेकर : आता पोस्टरवर 'डान्स हंगामा' असतो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो, त्याला एक काना जोडला की झालं. इथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तरी त्याच मोसमात गर्दी हंगाम्याला.

लाखनीकर : भाऊ, जुन्या गमतीला इतकं सोवळं नका नेसवू. नाच्या होता, सोंगाड्याचे दुहेरी बोल होते, बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. फरक इतकाच की त्या हसण्याच्या मधोमध कोणी तरी ब्रह्माचा सवाल टाकून जायचा. हंगाम्यात सवालच नाही.

बदलीवाला मास्तर : पटलं. मग परवा आपल्या गावात कलगी जिंकली की तुरा?

लाखनीकर : ते समजायला शेवटपर्यंत बसा लागते गुर्जी. तुम्ही चार वाजताच उठून गेले.