वाचतो सगळं, पण काय वाचलं ते सांगता येत नाही (मुलगा दुसरीत)

चिकूची_आई:
नमस्कार, माझा मुलगा दुसरीत आहे, मराठी मीडियम. मुळाक्षरं, बाराखडी सगळं पाठ आहे, क ते ज्ञ न अडखळता म्हणतो, पण वाक्य समोर आलं की गाडी अडते. काल "घोड्यावर माकड बसले" एवढंच दिलं. बोट ठेवून घो... ड्या... व... र करत शेवटपर्यंत गेला आणि मी विचारलं कोण बसलं, तर माझ्याच तोंडाकडे बघत राहिला. तेच मी वाचून दाखवलं तर खुदकन हसला, म्हणजे कळतं ना त्याला? शाळेतून सांगितलं बाराखडी रोज लिहून घ्या, मी घेतली, आता पुस्तक काढलं की पोट दुखतं म्हणतो. रात्री तो झोपला की मला रडू येतं खरंच. कोणी यातून गेलंय का?

झेडपीचे_गुरुजी:
ताई, घाबरू नका. मी १४ वर्षं पहिली-दुसरीला शिकवतोय, दरवर्षी वर्गात अशी चार-पाच पोरं असतातच. त्याची सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात संपते, 'बसले'पर्यंत पोचेस्तोवर सुरुवातीचं विसरलेला असतो. आणि तुम्ही दिलेलं वाक्यच बघा. त्याला घोडा माहितीय, पण कागदावर 'घोडा' आहेच कुठे, तिथे 'घोड्यावर' आहे! प्रत्यय लागला की आपला शब्दच बदलतो, पाणी-पाण्यात, ससा-सशाला, वर जोडाक्षर. आपण मोठे झालो म्हणून आपल्याला ते दिसत नाही, पोराला तो अख्खा नवीन शब्द वाटतो. म्हणून आधी न बदलणारे शब्द घ्या, घर-घरात, झाड-झाडावर. मग 'घोडा' आणि 'घोड्यावर' अशा दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवा आणि त्यालाच विचारा यात घोडा कुठे लपलाय.
बाराखडी लिहिणं महिनाभर बंद. निपुण भारत या लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीच्या सरकारी मोहिमेत पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता यावं असं धरलंय, तेवढीच वाक्यं द्या, त्यापेक्षा मोठी नकोत. मूल नेमकं कुठे अडतं ते बघायला असर नावाच्या, मुलांचं वाचन तपासणाऱ्या सर्वेत अक्षर, शब्द, छोटा उतारा, गोष्ट अशा पायऱ्या असतात, घरी तसंच एका कागदावर करून बघा, पाच मिनिटं पुरतात.

बंगळूरकर_बाबा:
आमची लेक इंग्लिश मीडियम, मराठी फक्त घरात. तिला पहिली वेलांटी जाम छळायची, लिहिलेली आधी आणि म्हणायची नंतर, त्यामुळे 'दिवा' वाचताना रोज अडायची. आम्ही 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट लावली, फुकट आहे, मराठी गोष्टी लेव्हल १ पासून आहेत, चित्र मोठं आणि खाली एखादं वाक्य. आधी मी वाचायचो, मग दोघं मिळून, मग ती एकटी. आणि हो, एकदा डोळे तपासून घ्याच.

नाशिकची_आजी:
अगं, पुस्तकात "बसले" असतं आणि घरात आपण "बसलंय" म्हणतो, पोराला ते परकंच वाटणार. त्याच्या तोंडची वाक्यं लिही. मी नातवासाठी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहायचे, "आजी चहा पिते", "दादा साबण लावतो", मग कात्रीने एकेक शब्द कापायचा आणि सगळे एकत्र करून टाकायचे. तिसऱ्या दिवशी त्याने "आजी साबण पिते" लावलं आणि लोळून लोळून हसला. हसला म्हणजे समजलंच ना गं! वेगळे प्रश्न विचारायलाच लागले नाहीत. आणि पोट दुखतं म्हणाला तर त्या दिवशी राहू दे, त्याला जवळ घेऊन तूच एक गोष्ट वाच.

चिकूची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार, दहा दिवसांनी लिहितेय. बाराखडी बंद केली. आजींच्या शब्दांच्या चिठ्ठ्या रोज चालू आहेत, शिवाय मी घरभर चिठ्ठ्या लपवल्या, "उशीखाली बघ", उशीखाली "दारामागे बघ", असं करत शेवटी "डब्यात लाडू आहे". 'डब्यात'ला थांबला, दोनदा पुटपुटला, आणि मग म्हणाला, "आई, हा डबाच आहे ना गं?" आणि पळाला स्वयंपाकघरात!! आता तोच माझ्यासाठी चिठ्ठ्या लपवतो, काल "कपाटात भग" लिहिलं होतं. गुरुजी, असल्या चुका दुरुस्त करू का?

झेडपीचे_गुरुजी:
नको, सध्या जाऊन कपाटात बघा. दुसऱ्या दिवशी तुमच्या चिठ्ठीत 'बघ' ठळक लिहा, तो आपला आपण बघेल.