गुडविनला नारळ! आता मेलबर्नला कोच कोण, अनुभवी नाव की नवा असिस्टंट?

कोथरूडचा डेमन

मंडळी, शेवटी काढलंच. ज्यांना गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, त्याची लीग एएफएल, त्यातला मेलबर्न क्लब म्हणजे आपले डेमन्स. २०२१ ला सायमन गुडविननेच ५७ वर्षांनी कप आणला होता, फायनलला बुलडॉग्जना ७४ पॉइंटनी धुतलेलं, आणि आता २०२५ च्या सीझनच्या तीन मॅच उरल्यात तर त्यालाच नारळ.

वाईट वाटलं, पण धक्का नाही बसला. सेंट किल्डाची मॅच बघितली का कोणी? रविवार होता, नुकताच श्रावण लागलेला, आई भाजी आण म्हणून मागे लागलेली आणि मी आपला थांब थांब करत तिसरा क्वार्टर संपेपर्यंत बसलो. ४६ पॉइंट पुढे. गोल सहाचा म्हणजे जवळजवळ आठ गोल पुढे, आता काय राहिलंय, म्हणून पिशवी उचलली आणि गेलो. मेथीच्या जुडीचा भाव करत होतो तर मेलबर्नहून दादाचा मेसेज, नुसतं 'बघू नकोस'. बघितलंच. स्कोअर बरोबरीत, आठ सेकंद बाकी. मैदानाच्या मधून खेळ सुरू होताना प्रत्येक टीमची माणसं मैदानाच्या तीन भागांत सहा-सहा-सहा उभी पाहिजेत असा साधा नियम आहे, आपल्यांचं तेवढंही गणित चुकलं, त्यांना फ्री किक, पुढे वँगनीन-मिलेराने बॉल पकडला आणि सायरन वाजल्यावर गोल. शेवटच्या क्वार्टरला एवढी पिछाडी भरून काढून लीगच्या इतिहासात कोणी जिंकलं नव्हतं. भाजीवाल्या मावशी विचारतात, काय झालं, कोणी गेलं का.

तर प्रश्न असा की आता आणायचा कोणाला? आधी हेड कोच राहिलेल्यांत बकली आहे, लाँगमायर आहे, सिम्प्सन आहे. की कुठल्या तरी क्लबचा असिस्टंट उचलून त्याला पहिली संधी द्यायची?

शनिवार सकाळ

मी कॉलिंगवूडवाला आहे त्यामुळे तुझ्या दुःखात मला थोडा आनंद आहे, आधीच कबूल करतो.

बकलीबद्दल आमच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार. दहा सीझन होता आमच्याकडे, २०१२ ते २०२१, कप शून्य. २०१८ च्या फायनलला ५ पॉइंटनी हरलो, समोर वेस्ट कोस्ट आणि त्यांचा कोच कोण, तर तुझ्या लिस्टमधला सिम्प्सन! म्हणजे तू एकाच फायनलचे दोन्ही कोच मागतोयस भावा. बकली गेला त्या वर्षी आम्ही १७ वे होतो. मग आणला क्रेग मॅक्रे, हॉथॉर्नचा असिस्टंट, त्याआधी रिचमंडची खालची टीम बघायचा, मला तर नाव ऐकून वाटलं होतं की पैसे संपले वाटतं क्लबचे. पुढच्याच वर्षी प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे आपली सेमीफायनल, सिडनीकडून १ पॉइंटने गेली, आणि २०२३ ला कप. टीम बरीचशी तीच. त्याने पोरांना मोकळं सोडलं एवढंच. नवा माणूस आण, डोळे झाकून.

नुसताच बघ्या

मला एएफएलमधलं फार कळत नाही, रूममेट लावतो म्हणून नाश्त्याच्या वेळेला बघतो, पण हे कोच कोच काय लावलंय? आपल्या रायझिंग पुणेचं आठवा. २०१६ ला आठात सातवे. २०१७ ला धोनीकडून कॅप्टनशिप काढून स्मिथला दिली आणि थेट फायनल, मुंबईकडून १ रनने हरलो, १३० होत नाहीत राव, अजून डोक्यात जातं. कोच दोन्ही वर्षं तोच, फ्लेमिंग. आणि ते सहा-सहा-सहा उभं राहायला काय कोचने मैदानात येऊन डोकी मोजायची का?

औंधची मावशी

बघ्या, अरे आयपीएलशी तुलना नको करूस. तिथे ऑक्शनला टीम उलटीपालटी होते, इथे ड्राफ्टमधून १८ वर्षांची पोरं घ्यायची आणि ती तयार व्हायला चार-पाच वर्षं जातात, तेवढ्यात कोच दोनदा बदलून होतो. पण डोकी मोजण्याचं म्हणशील तर हो, मोजायचीच. आठ सेकंद राहिल्यावर कोण कुठे उभं राहणार हे आठवडाभर घोटून घ्यायचं काम कोचचंच आहे, मैदानात कोणाला सुचत नाही ते.

अकरा वर्षं राहिले मेलबर्नमध्ये, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक एमसीजीला घेऊन जायचे, पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं ही मारामारी आहे की खेळ. तिथल्या एका म्हाताऱ्या डेमन्सवाल्या शेजाऱ्यांनी मला नॉर्म स्मिथची गोष्ट सांगितली होती. सहा कप दिले त्या माणसाने मेलबर्नला, शेवटचा १९६४ चा, आणि पुढच्याच वर्षी सीझनच्या मध्यात त्याला काढून टाकलं. बोंबाबोंब झाली म्हणून काही दिवसांत परत बोलावलं, पण जे गेलं ते गेलं. त्यानंतर फायनल्समध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, पाय टाकायलाच १९८७ उजाडलं आणि कप थेट २०२१ ला. लोक शाप म्हणायचे त्याला. शाप वगैरे मी मानत नाही (नवरा मानतो), पण कोच काढताना घाई करायची सवय या क्लबला जुनी आहे एवढं खरं.

माझं मत विचारशील डेमन, तर नाव कुठलंही आणा, त्याला पाच वर्षं हात लावू नका. ब्रिस्बेनचा फेगन बघ. स्वतः वरच्या लीगमध्ये एकही मॅच खेळलेला नाही, २०१७ ला आला तेव्हा ५ मॅच जिंकल्या आणि सगळ्यात खाली, २०१८ ला पहिल्या आठही हरले, शेवटी परत ५ च. आपल्याकडे पुतळा जाळला असता. त्यांनी ठेवला आणि २०२४ ला कप.

शनिवार सकाळ

मावशी फेगन मान्य, पण मग क्लार्कसनचं काय? हॉथॉर्नला चार कप देणारा माणूस, त्याच्यापेक्षा मोठं नाव नाही, नॉर्थ मेलबर्नला गेला तर २०२३ ला ३ विजय आणि २०२४ ला पण ३. किती वर्षं थांबायचं ते कोण ठरवणार?

नुसताच बघ्या

म्हणजे कोचपेक्षा खेळाडू महत्त्वाचे. मी तेच म्हणत होतो. असो. पण कबड्डीतली पुणेरी पलटण बघा, नवव्या सीझनला फायनल हरले तरी बी. सी. रमेशना ठेवलं आणि दहाव्याला कप आणला. म्हणजे मावशी पण बरोबर. मी आता गप्प बसतो.

कोथरूडचा डेमन

मावशी, पटलं, पण एक सांगतो, गुडविनला पण नऊ सीझन दिलेच की. कप जिंकल्यावर २०२२ आणि २०२३ दोन्ही वेळा फायनल्सच्या दोन मॅच हरून घरी, २०२४ ला चौदावे, आणि या वर्षी सुरुवातीलाच पाच पराभव. टीम म्हातारी नव्हती, गॉन होता, पेट्राका, ऑलिव्हर होते, तरी प्रत्येक मॅचला बॉल फॉरवर्डला नुसता उंच मारायचा आणि देवावर हवाला. चार वर्षं तेच. म्हणून मला ओळखीचं नाव नकोच वाटायला लागलंय, ओळखीचं नाव ओळखीचंच करणार.

कोथरूडचा डेमन

वरती आणतोय धागा. ज्यांनी नवा असिस्टंट म्हटलं होतं ते जिंकले, स्टीव्हन किंग, जीलाँगचा असिस्टंट. २०२३ ला कोच डूला काढल्यावर गोल्ड कोस्ट तात्पुरती सांभाळलेली, बाकी हेड कोच म्हणून पाटी कोरी. आणि फेगनने परत कप नेला, सलग दुसरा, तोही जीलाँगलाच हरवून.

औंधची मावशी

किंग खेळायचा तेव्हा रकमन होता, म्हणजे वर उडालेल्या बॉलसाठी झेप घेणारा उंच गडी, २००७ च्या जीलाँगच्या कपवाल्या टीममध्ये. गॉनही रकमनच, त्याच्याशी जमेल. पाच वर्षं रे बाबा, पाच वर्षं.

शनिवार सकाळ

पण पेट्राका गोल्ड कोस्टला आणि ऑलिव्हर जायंट्सला गेला की! कोच नवा, स्टार गायब. बघ्या, बोल आता.

कोथरूडचा डेमन

त्याचंच तर सांगायला आलो होतो. दादा दिवाळीला आला, येताना माझ्यासाठी पाच नंबरची जर्सी, पेट्राकाची, सीझन संपायच्या आधीच घेऊन ठेवलेली बिचाऱ्याने. या खेळाची जर्सी बिनबाह्यांची असते. आईने उलटून पालटून बघितली आणि दादाला म्हणाली, एवढ्या लांबून बनियन कशाला आणलंस.