मदत हवी आहे : पायरोलिसिसच्या नळीत पिवळी पावडर साचते

नमस्कार मंडळी,

टाकाऊ टायर आणि प्लास्टिक हवेशिवाय तापवून तेल काढायचा (पायरोलिसिसचा) छोटा प्रयोग चार महिने करतोय. 20 लिटरचं जाड पोलादी भांडं, खाली बर्नर, पुढे वाफ गार करणारी, पाण्यात बुडवलेली कंडेन्सरची नळी, शेवटी बबलर, म्हणजे उरलेला गॅस ज्यातून बुडबुडे होऊन बाहेर पडतो ती पाण्याची बाटली. आत हवा शिरू देत नाही, नाहीतर ते नुसतं जाळणं होईल.

टायरचे तुकडे घातले की सगळं सुरळीत. 450 ते 500 अंशांना 5 किलोतून साधारण 2 किलो काळपट, उग्र वासाचं तेल मिळतं, पावणेदोन किलो कार्बन पावडर आणि तारांचा गुंता उरतो. बाकीचा गॅस होतो.

गेल्या वेळी प्लास्टिक घातलं. बाटल्या, पिशव्या, पाइपचे तुकडे, हाताला लागेल ते. तासाभरात बबलरचे बुडबुडे थांबले आणि प्रेशरचा काटा चढायला लागला. लगेच बर्नर बंद केला. गार झाल्यावर नळी उघडली तर आत फिकट पिवळी पावडर गच्च बसलेली, नखाने खडूसारखी सुटत होती. तिच्यापुढे मेणबत्तीसारखा थर. बबलरच्या पाण्यात निळा लिटमस कागद बुडवला, तो लाल झाला, म्हणजे पाण्यात आम्ल आहे. नेमकं कुठलं प्लास्टिक वगळू?

प्रतिसाद १

पावडर बाटल्यांच्या पेट प्लास्टिकची. त्यातून टेरेफ्थॅलिक आणि बेंझोइक आम्ल निघतं, ते नळीत गार होताच घट्ट होतं. लिटमस लाल झाला तो पीव्हीसी पाइपमुळे. त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, पाण्यात त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं आणि ते पोलाद खातं. वेल्डिंगचे सांधे आजच तपासा.

मेण पिशव्यांच्या पॉलिथिनचं. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या पुरत्या तुटल्या नाहीत. भांड्यावर उभी, रुंद नळी बसवा, म्हणजे जड वाफ परत खाली गळून पुन्हा तुटेल.

निवडताना तुकडे पाण्यात टाका. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलिन तरंगतं, पेट आणि पीव्हीसी बुडतं. शंका आली तर लाल तापवलेली तांब्याची तार प्लास्टिकला टेकवून ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की बहुतेक पीव्हीसीच. हे उघड्यावर करा, धूर विषारी असतो.

काट्याबद्दल लिहिलंत, सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल (दाब वाढला की आपोआप उघडणाऱ्या झडपेबद्दल) नाही. तो आहे ना?

प्रश्नकर्ता

नाही, फक्त काटा आहे. आज तुकडे बादलीत टाकले, पाइपचे सगळे तळाशी गेले. आणखी एक, बर्नर बंद केल्यावर बबलरचं पाणी नळीत मागे चढलं होतं. हे चालतं का?

प्रतिसाद १

मुळीच नाही. गार होताना आतली वाफ आकसते आणि पाणी ओढून घेते. ते तापलेल्या भांड्यात पोचलं तर एका क्षणात त्याची वाफ होऊन झाकण उडेल. बबलरच्या अलीकडे एक रिकामी बाटली जोडा, मागे आलेलं पाणी तिच्यात थांबेल. झाकणही पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, गरम कार्बन पावडर हवा लागताच भडकते. आणि व्हॉल्व्ह बसेपर्यंत पुढची बॅच लावू नका. कळकळीने सांगतोय.